मँगल झालेली सिम्बॉल नावं परत वाचण्याजोगी कशी करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसोडीचा आयटी पार्क असो, मिहानमधलं एखादं ऑफिस असो की व्हीएनआयटीच्या होस्टेलवर रात्री चाललेलं फायनल इयरचं प्रोजेक्ट असो, सी++ लिहिणाऱ्याला लिंकर (कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइल जोडणारा प्रोग्राम) कधी ना कधी अंडरस्कोर-झेडने सुरू होणारी लांबलचक ओळ दाखवतोच. नागपुरातल्या नव्या मुलामुलींना शिकवताना मला त्या ओळीबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न आले तशाच बोलीत ठेवले आहेत.

वाचण्याआधी एक सूचना. स्क्रीनवर ही नावं रोमन अक्षरांत आणि सलग दिसतात. इथे ती देवनागरीत, तुकडे सुटे करून लिहिली आहेत. उदाहरणांतल्या फंक्शनची आणि क्लासची नावं मात्र मुळातच देवनागरी आहेत. जीसीसी या कंपायलरच्या १० व्या आवृत्तीपासून आणि क्लँग या कंपायलरमध्ये त्याच्याही आधीपासून अशी नावं थेट लिहिता येतात.

दादा, मी तर साधं फंक्शन लिहिलं होतं. कंपायलर त्याचं नाव काहून बिघडवून राहिला?

बिघडवत नाही, पूर्ण करतो. लिंकरला प्रकार कळत नाहीत, क्लास कळत नाहीत, त्याला फक्त नावं जुळवता येतात. सी भाषेत एका नावाचं एकच फंक्शन असायचं, त्यामुळे तेवढ्यावर भागत होतं. सी++ मध्ये ‘बेरीज’ नावाची तीन फंक्शन असू शकतात: एक दोन इंट घेणारं, एक दोन डबल घेणारं, एक कुठल्याशा क्लासच्या आतलं. तिघांची नावं ऑब्जेक्ट फाइलमध्ये सारखीच गेली तर लिंकरने कोणतं उचलायचं? म्हणून कंपायलर नेमस्पेस, क्लास आणि पॅरामीटरचे प्रकार नावातच गुंफून टाकतो. यालाच मँगल करणं म्हणतात.

ही पद्धत जुनी आहे. बियार्न स्ट्रुस्ट्रुप यांचा सीफ्रंट हा कंपायलर सी++ चं रूपांतर सी मध्ये करायचा आणि पुढचं काम सीच्या कंपायलरवर आणि लिंकरवर सोपवायचा. १९८९ मध्ये आलेल्या त्याच्या २.० आवृत्तीपासून प्रत्येक फंक्शनच्या नावात पॅरामीटरचे प्रकार जायला लागले. फायदा फक्त ओव्हरलोडिंगचा, म्हणजे एकाच नावाच्या अनेक फंक्शनचा, नव्हता. एका फाइलमध्ये इंट घेणारं म्हणून जाहीर केलेलं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये डबल घेणारं निघालं, तर ते लिंक करतानाच पकडलं जाऊ लागलं. आज आपण ज्या एररला वैतागतो ती हीच पकड आहे, आणि ती नसती तर तीच चूक प्रोग्राम चालताना भोगावी लागली असती.

हे हाताने वाचता येतं का?

येतं, आणि प्रत्येकाने एकदा तरी वाचून पाहावं. लिनक्स आणि मॅकवर जीसीसी व क्लँग जे नियम पाळतात त्यांना इटॅनियम सी++ एबीआय म्हणतात (एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलींनी एकमेकींशी जुळण्याचे नियम). ते इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरसाठी आखले गेले. तो प्रोसेसर मागे पडला, नियम मात्र सगळीकडे पसरले. जीसीसीने ते ३.० आवृत्तीत, २००१ मध्ये स्वीकारले.

समजा कळमना मार्केटच्या संत्र्याच्या हिशेबासाठी कोड लिहिला आहे. ‘कळमना’ नावाचं नेमस्पेस आणि त्यात एक इंट घेणारं ‘वजन’ हे फंक्शन. त्याचं सिम्बॉल, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलमधलं नाव, असं बनतं:

_झेड एन १५ कळमना ९ वजन ई आय

डावीकडून वाचत जा. ‘_झेड’ म्हणजे हे मँगल केलेलं नाव आहे. ‘एन’ ते ‘ई’ यांच्यामध्ये नेमस्पेसपासून फंक्शनपर्यंतचा पूर्ण पत्ता. प्रत्येक तुकड्याआधीचा आकडा म्हणजे त्या तुकड्याची बाइटमधली लांबी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘कळमना’मध्ये क, ळ, म, न आणि काना अशी ५ चिन्हं, म्हणून १५. ‘वजन’मध्ये ३ चिन्हं, म्हणून ९. शेवटचा छोटा ‘आय’ म्हणजे इंट. म्हणजे मूळ घोषणा: कळमना::वजन(इंट).

प्रकारांची अक्षरं मोजकीच आहेत. आय इंट, जे अनसाइन्ड इंट, एल लाँग, एम अनसाइन्ड लाँग, सी कॅरेक्टर, बी बूल, एफ फ्लोट, डी डबल, व्ही व्हॉइड. यातली बरीचशी ओळखीची आहेत, जे आणि एम तेवढी लक्षात ठेवायची. त्यांच्या आधी मोठा पी आला तर पॉइंटर, मोठा आर आला तर रेफरन्स, मोठा के आला तर कॉन्स्ट. ‘पी के सी’ म्हणजे कॉन्स्ट कॅरेक्टरचा पॉइंटर. पॅरामीटर नसतील तर त्या जागी एकटा ‘व्ही’ येतो.

आता जरा मोठं. वजन या फंक्शनला डबलचा व्हेक्टर कॉन्स्ट रेफरन्सने दिला तर:

_झेड एन १५ कळमना ९ वजन ई आर के एसटी ६ व्हेक्टर आय डी एसए आय डी ई ई

‘एसटी’ म्हणजे स्टँडर्ड नेमस्पेस. ‘६’ ही व्हेक्टर या शब्दाच्या सहा रोमन अक्षरांची लांबी. मोठ्या ‘आय’पासून ‘ई’पर्यंत टेम्प्लेटचे आर्ग्युमेंट. ‘एसए’ म्हणजे स्टँडर्ड ॲलोकेटर. तुम्ही फक्त व्हेक्टर आणि डबल लिहिलं होतं, ॲलोकेटर लायब्ररीने आपणहून जोडला. डीमँगल केलेली, म्हणजे उलगडलेली, नावं इतकी लांब का दिसतात त्याचं कारण हेच: तुम्ही न लिहिलेली टेम्प्लेटची डीफॉल्ट आर्ग्युमेंटसुद्धा नावात येतात.

मधेच ‘एस_’ आणि ‘एस०_’ येतं ते काय?

तो ‘वर आलेलंच पुन्हा’ असा संक्षेप आहे. दोन संत्रा-पॉइंटर घेणारं ‘तुलना’ फंक्शन घ्या:

_झेड १५ तुलना पी १८ संत्रा एस०_

पहिल्या पॅरामीटरमध्ये दोन गोष्टी आल्या: आधी ‘संत्रा’ हा क्लास, मग ‘संत्राचा पॉइंटर’. कंपायलर त्यांना क्रमाने नंबर देतो. पहिलीचा ‘एस_’, दुसरीचा ‘एस०_’, तिसरी असती तर ‘एस१_’. दुसरा पॅरामीटरही संत्राचा पॉइंटरच असल्याने तिथे नुसतं ‘एस०_’ लिहून भागलं. मोठ्या टेम्प्लेटमध्ये हे संदर्भ दहा-पंधरापर्यंत जातात आणि हाताने माग काढणं कठीण होतं. तिथे टूल वापरायचं.

मग टूल कोणतं वापरू?

लिनक्सवर बिनयुटिल्स या टूलसंचासोबत येणारं सी++फिल्ट. नाव आर्ग्युमेंट म्हणून द्या, किंवा अख्खा लॉग पाइपने त्यातून जाऊ द्या. ओळीतला बाकीचा मजकूर तसाच राहतो, फक्त मँगल झालेले शब्द बदलतात. एलएलव्हीएमचं एलएलव्हीएम-सीएक्सएक्सफिल्ट हेच काम करतं. एनएम (सिम्बॉलची यादी देणारं), ऑब्जडम्प आणि ॲडर२लाइन (पत्त्यावरून सोर्सची ओळ सांगणारं) यांना कॅपिटल सी हा पर्याय दिला की ती नावं उलगडूनच दाखवतात. जीडीबी हा डीबगर बॅकट्रेसमध्ये नावं आपोआप उलगडतो, पण असेम्ब्ली पाहताना ‘सेट प्रिंट एएसएम-डीमँगल ऑन’ द्यावं लागतं.

यासाठी सोर्स कोड लागत नाही, डीबग माहिती लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. म्हणून एक कळकळीची विनंती: ग्राहकाचा क्रॅश लॉग कुठल्यातरी वेबसाइटवर पेस्ट करून डीमँगल करू नका. सिम्बॉलच्या नावांत कंपनीच्या क्लासची, मॉड्यूलची, कधीकधी अजून जाहीर न झालेल्या फीचरची नावं असतात. जे काम आपल्याच मशीनवर एका कमांडमध्ये होतं त्यासाठी ती बाहेर पाठवायचं कारण नाही.

टाइपआयडीच्या नेमने ‘आय’ एवढंच दिलं. सी++फिल्ट त्याला हातही लावून नाही राहिलं.

कारण ते फंक्शनचं नाव नाही, नुसत्या प्रकाराचं आहे, आणि त्याच्यापुढे ‘_झेड’ नाही. लॉगमधला प्रत्येक सुटा ‘आय’ इंट समजून बदलायला लागलं तर मजकुराची वाट लागेल, म्हणून टूल गप्प बसतं. प्रकारच उलगडायचा असेल तर सी++फिल्टला छोटा टी हा पर्याय द्या.

टूल चालवलं तरी नाव जसंच्या तसं राहतं. कुठे पाहू?

आधी नाव अर्धवट कापलं गेलं आहे का ते पाहा. लॉग लिहिणाऱ्या बऱ्याच लायब्ररी ठरावीक लांबीनंतर मजकूर छाटतात, आणि शेपूट नसलेलं नाव उलगडत नाही. मग सुरुवातीचे अंडरस्कोर मोजा. मॅकवर प्रत्येक सिम्बॉलला एक जास्तीचा अंडरस्कोर लागतो, त्यामुळे ‘__झेड’ दिसतं. मॅकवरची फाइल लिनक्सवर तपासत असाल तर तो काढून टाकणारा पर्याय द्या. टूल जुनं आणि कंपायलर नवा असेल तरी अडतं, कारण भाषेत नवं काही आलं की मँगलिंगमध्येही नवे कोड येतात. उलटंही होतं: जीसीसी २ च्या काळातली नावं वेगळ्या पद्धतीची होती आणि बिनयुटिल्सच्या हल्लीच्या आवृत्त्यांतून त्यांचा आधार काढून टाकला आहे.

लिंकर म्हणतो ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. फंक्शन तर समोर दिसून राहिलं!

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून याला थोडा वेळ देऊ.

पहिलं काम: लिंकरने मागितलेलं नाव आणि लायब्ररीत असलेलं नाव, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. लायब्ररीवर एनएम चालवा, फंक्शनच्या नावावर ग्रेप लावा आणि अक्षर अक्षर जुळवा. बहुतेक वेळा फरक एका कॉन्स्टचा असतो. हेडरमध्ये मेंबर फंक्शन कॉन्स्ट आहे, सोर्स फाइलमध्ये ते लिहायचं राहून गेलं. मँगल नावात हा फरक ‘एन’नंतरच्या एका ‘के’चा असतो.

लायब्ररीत नाव मुळीच मँगल न झालेलं, नुसतं ‘वजन’ असं दिसलं तर ती सी मध्ये कंपाइल झालेली आहे. तिचं हेडर सी++ मध्ये घेताना ‘एक्स्टर्न सी’च्या कंसात घ्या, म्हणजे कंपायलर ती नावं मँगल करणार नाही.

‘व्हीटेबल फॉर संत्रा’ सापडत नाही असं आलं तर घाबरू नका. व्हीटेबल म्हणजे क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनचे पत्ते ठेवणारं टेबल. त्याचं सिम्बॉल ‘_झेड टी व्ही १८ संत्रा’ असतं. जीसीसी व्हीटेबल त्याच ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवतो जिथे क्लासचं पहिलं इनलाइन नसलेलं, प्युअर नसलेलं व्हर्च्युअल फंक्शन लिहिलेलं असतं. ते फंक्शन लिहायचं राहिलं, किंवा ती फाइल बिल्डमध्ये घ्यायची राहिली, की व्हीटेबल कुठेच तयार होत नाही. व्हीटेबल शोधत बसू नका, ते फंक्शन शोधा.

सगळ्यात चकवणारं प्रकरण स्ट्रिंगचं. जीसीसी ५ मध्ये, २०१५ साली, स्टँडर्ड स्ट्रिंगची रचना बदलली आणि नव्या स्ट्रिंगला ‘__सीएक्सएक्स११’ या आतल्या नेमस्पेसमध्ये टाकलं. स्ट्रिंग घेणारं ‘नोंद’ हे फंक्शन जुन्या पद्धतीने असं होतं:

_झेड १२ नोंद एस एस

आणि नव्या पद्धतीने असं:

_झेड १२ नोंद एन एसटी ७ __सीएक्सएक्स११ १२ बेसिक_स्ट्रिंग आय सी एसटी ११ कॅर_ट्रेट्स आय सी ई एसए आय सी ई ई ई

स्क्रीनवर ‘__सीएक्सएक्स११’ आणि त्यानंतरचा ‘१२’ चिकटून ‘१११२’ असे दिसतात. नवखा माणूस तिथे हमखास गोंधळतो. आधीचा ‘७’ सांगतो की सात अक्षरं मोजून थांबायचं, मग पुढचा ‘१२’ ही बेसिक_स्ट्रिंगची लांबी आहे हे कळतं.

डीमँगल केल्यावर मात्र दोन्ही ओळी बेसिक_स्ट्रिंग, कॅर_ट्रेट्स, ॲलोकेटर अशा लांबच लांब आणि जवळपास सारख्या दिसतात. फरक मधल्या ‘__सीएक्सएक्स११’चा, आणि थकलेल्या डोळ्यांना तो दिसत नाही. मूळ सिम्बॉलमध्ये तो एका नजरेत कळतो: एक नाव तोकडं, दुसरं हातभर. उपाय म्हणजे लायब्ररी नव्या पद्धतीने पुन्हा बिल्ड करून मागणं. ते शक्यच नसेल तर आपला कोड ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय’ हा मॅक्रो शून्य ठेवून कंपाइल करणं. मी पहिला उपाय धरतो. दुसऱ्यात जुनेपणा तुमच्या कोडमध्ये येतो आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांकडेही जातो.

डीमँगल केलं म्हणजे मूळ घोषणा जशीच्या तशी परत मिळाली ना?

नाही. नावात जे घातलं तेवढंच परत येतं. इटॅनियम पद्धतीत साध्या फंक्शनचा रिटर्न टाइप नावात नसतो, फक्त टेम्प्लेटमधून बनलेल्या फंक्शनचा असतो. पॅरामीटरची नावं, त्यांच्या डीफॉल्ट किमती, पब्लिक की प्रायव्हेट हे काहीच नसतं. टाइपडेफ आणि युजिंगने दिलेली नावंही हरवतात, त्याखालचा खरा प्रकार उरतो.

म्हणून हेडर हरवलेल्या लायब्ररीचं हेडर डीमँगल करून परत लिहायला बसाल तर रिटर्न टाइपपाशी अडाल. अंदाजाने इंट लिहिला आणि खरा डबल असला तर लिंकर तक्रार न करता जोडून देईल आणि किंमत चुकीची येईल. तिथे डीबग माहिती किंवा असेम्ब्ली पाहण्याला पर्याय नाही.

एकाच कन्स्ट्रक्टरची दोन सिम्बॉल! डुप्लिकेट झालं का?

डुप्लिकेट नाही. मूळ नावं पाहा: एकात ‘सी१’ असेल, दुसऱ्यात ‘सी२’. सी१ पूर्ण ऑब्जेक्ट बांधण्यासाठी, सी२ तोच क्लास दुसऱ्या क्लासचा बेस म्हणून बांधला जातो तेव्हासाठी. व्हर्च्युअल बेस असेल तर दोघांचं काम खरोखर वेगळं असतं. डिस्ट्रक्टरला तर तीन प्रकार: डी० मेमरीही सोडतो, डी१ पूर्ण ऑब्जेक्टसाठी, डी२ बेससाठी. डीमँगल केल्यावर हे सगळे ‘संत्रा::संत्रा()’ किंवा ‘संत्रा::~संत्रा()’ असे एकसारखे होतात.

उलगडलेलं नाव माणसाने वाचण्यासाठी आहे, मूळ नाव हीच त्या सिम्बॉलची ओळख. लॉगमध्ये, बग रिपोर्टमध्ये, टीममेटला पाठवलेल्या मेसेजमध्ये दोन्ही ठेवा. उलगडलेल्यावरून मूळ नाव खात्रीने परत बनवता येत नाही.

डीएलसिमला ‘बेरीज(इंट, इंट)’ असं नाव दिलं, नल आलं.

डीएलसिम, म्हणजे चालत्या प्रोग्राममध्ये लायब्ररीतलं फंक्शन शोधणारं फंक्शन, अक्षरश: सिम्बॉल शोधतं, त्याला मँगल नावच हवं: ‘_झेड १५ बेरीज आय आय’. पण प्लगइनसाठी असं नाव कोडमध्ये लिहून ठेवू नका. पॅरामीटरचा प्रकार बदलला की ते बिनआवाज मोडेल. बाहेरून शोधायचं फंक्शन ‘एक्स्टर्न सी’ करा आणि साधं नाव द्या.

माझ्या प्रोग्राममधूनच उलगडायचं असेल तर?

‘सीएक्सएक्सएबीआय.एच’ या हेडरमधलं ‘__सीएक्सए_डीमँगल’ वापरा. त्याला चार गोष्टी लागतात: मँगल नाव, बफर, बफरच्या लांबीचा पॉइंटर आणि स्टेटसचा पॉइंटर. बफरला नल दिला तर ते मॅलॉकने मेमरी घेतं आणि ती फ्रीने परत करणं तुमच्याकडे. डिलीटने नाही. स्टेटस ० म्हणजे जमलं, उणे १ म्हणजे मेमरी मिळाली नाही, उणे २ म्हणजे नाव नियमात बसत नाही, उणे ३ म्हणजे आर्ग्युमेंट चुकीचं. उणे २ आला तर मूळ नावच छापा, रिकामी जागा सोडू नका.

एक इशारा. क्रॅशच्या सिग्नल हँडलरमध्ये हे बोलावू नका. ते मेमरी मागतं, आणि क्रॅश मॅलॉकच्या आतच झाला असेल तर प्रोग्राम तिथेच अडकून बसेल आणि लॉगही हाती लागणार नाही. तिथे मूळ नावं लिहा, नंतर सी++फिल्टमधून काढा.

नावं देवनागरीत लिहिली तर काही त्रास?

दोन त्रास आहेत. जीएनयूचं सी++फिल्ट पाइपमधून वाचताना रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर, डॉलर आणि टिंब एवढ्यांनाच नावाचा भाग मानतं. देवनागरी अक्षर आलं की नाव तिथे संपलं असं समजतं. म्हणून असं नाव आर्ग्युमेंट म्हणून द्या किंवा एनएमचा कॅपिटल सी वापरा.

दुसरा त्रास आपल्या कीबोर्डांचा. ‘ॲप’ दोन प्रकारे टाइप होतं: एकात ‘ॲ’ हे एकच चिन्ह, दुसऱ्यात ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र. दिसायला दोन्ही सारखे. पहिल्या नावाची लांबी ६ बाइट, दुसऱ्याची ९. युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे कंपायलर सावधही करत नाही, आणि लिंकर मात्र फंक्शन सापडत नाही म्हणून थांबतो. डीमँगल केलेल्या दोन ओळी समोर ठेवून दिवसभर पाहिलंत तरी फरक दिसणार नाही. मूळ सिम्बॉलमधला ६ आणि ९ लगेच दिसतो.

नावाच्या शेवटी ‘क्लोन’ आणि ‘कोल्ड’ असं काहीबाही येतं.

ते ऑप्टिमायझरचं काम. जीसीसी एखाद्या फंक्शनचे पॅरामीटर बदलतो, स्थिर किमतीसाठी वेगळी प्रत काढतो, क्वचित चालणारा भाग बाजूला नेतो, आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन तशी खूण लावतो. सोर्समध्ये फंक्शन एकच आहे.

विंडोजवर?

तिथे नियम पूर्ण वेगळे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची नावं प्रश्नचिन्हाने सुरू होतात. रिटर्न टाइप, कॉलिंग कन्व्हेन्शन, आणि मेंबर फंक्शन पब्लिक की प्रायव्हेट हेही नावात असतं. म्हणूनच तिथे एखादं फंक्शन प्रायव्हेटचं पब्लिक केलं तरी जुन्या ऑब्जेक्ट फाइल लिंक होत नाहीत. उलगडायला अनडीनेम, लिनक्सवर बसून उलगडायचं असेल तर एलएलव्हीएम-अनडीनेम. शेलमध्ये नाव एकेरी अवतरणात द्या, नाहीतर शेल प्रश्नचिन्हाचा वेगळा अर्थ लावेल.

रस्ट आणि स्विफ्टचं काय?

रस्टची जुनी पद्धत सी++ सारखीच दिसते, शेवटी ‘१७ एच’ आणि सोळा अंकी हॅश असतो. नव्या पद्धतीची नावं ‘_आर’ने सुरू होतात. दोन्हीसाठी रस्टफिल्ट आहे. स्विफ्टची नावं डॉलर-एसने सुरू होतात आणि त्यासाठी ‘स्विफ्ट डीमँगल’ ही कमांड आहे. डॉलरमुळे इथेही एकेरी अवतरण लागतं.

फाइल स्ट्रिप केलेली आहे, एनएम म्हणतं सिम्बॉलच नाहीत.

स्ट्रिप करणं म्हणजे चालवायला न लागणारी सिम्बॉल काढून टाकणं. शेअर्ड लायब्ररी असेल तर एनएमला कॅपिटल डी द्या. बाहेर दिलेली नावं डायनॅमिक टेबलमध्ये असतात आणि स्ट्रिप केल्यावरही राहतात, कारण त्यांच्याशिवाय लायब्ररी जोडताच येणार नाही. आतली नावं मात्र गेली. ती हवी असतील तर त्याच बिल्डची स्ट्रिप न केलेली प्रत लागेल. प्रत्येक रिलीजच्या वेळी ती प्रत बिल्ड आयडीसकट जपून ठेवा आणि क्रॅशचा पत्ता आला की ॲडर२लाइनला त्या प्रतीवर चालवा.